बिरोबाच्या पाठीशी

म्हाळसाबाईला कुणी विचारलं, की आजी तुम्ही किती शिकला, तर ती म्हणायची, "दुसरीपतुर. पुढं मास्तरलाच काय येत नव्हतं." ऐकणारा हसायचा, पण दुसऱ्यांदा विचारायची त्याची टाप नसायची. सांगोल्याकडच्या कोरड्या मुलखात एकशेवीस मेंढरं, तीन लेकी, एक ल्योक आणि एक दारुडा दीर असा सगळा कळप तिनं एका काठीवर हाकला होता. आता मेंढरं विसावर आली होती आणि रानात डाळिंब लागलं होतं. काठी मात्र तीच होती, आणि जीभही तीच.

ती काठी गुडघ्यांत धरून ती पिकअपच्या पुढच्या शिटावर बसली होती. गाडी चालवत होता ल्योक सिद्धराम. दोघांच्या मध्ये अंग चोरून नात सृष्टी. मागं हौद्यात पत्र्याची पेटी, गादी, बादली, आणि सृष्टी नको नको म्हणत असताना आज्जीनं टाकलेली घोंगडी. सोलापूरच्या बाहेरच्या मोठ्या विद्यापीठात सृष्टीचा डेटा सायन्सला नंबर लागला होता. घराण्यातली पहिलीच.

"म्हंजी काय शिकवत्यात त्यात?" म्हाळसाबाईनं घरी विचारलं होतं.

"मोजायचं, आज्जी. कशाचं किती हाय, कुटनं कुटं चाललंय, आन् पुढं काय हुईल ते आकड्यावरनं वळखायचं."

"मग त्यात शिकायचं काय? मी चाळीस वरसं तेच केलं."

असं म्हणाली खरी, पण त्या दिवसापासून बाजारात जो भेटेल त्याला धरून सांगत सुटली होती, की आमची नात मोजायचं शिकायला चाललीय, आणि ते काँप्युटरवर.

भादव्याचं ऊन डांबराला घाम आणत होतं. आभाळ निरभ्र. विद्यापीठाची कमान लांबूनच दिसली, एखाद्या घाटासारखी. वॉचमननं गाडी अडवली आणि वही काढली.

"विद्यार्थी एक. पालक किती?"

"पालक न्हाय आणली बाबा. मेथी हाय दोन जुड्या, चालंल का?"

सिद्धरामनं कपाळाला हात लावला. सृष्टी हसू दाबत म्हणाली, "आज्जी, पालक म्हंजी आईबाप."

"मग तसं म्हन की. आईबाप म्हनायला तोंड दुखतं व्हय यांचं?"

गाडी आत गेली. आणि कमानीच्या आत, डाव्या अंगाच्या गोल बागेत म्हाळसाबाईला ते दिसलं.

"सिद्रामा, थांबव."

"आये, मागं गाड्या हायत."

"थांबव म्हनते न्हवं!"

ग्रॅनाइटचा चकचकीत ओटा, वर स्टीलचा कठडा, आणि मधे शेंदूर फासलेला, पूर्वेकडं तोंड करून बसलेला दगड. दगडाच्या डाव्या अंगाला बैलाच्या खुराएवढी खाच. ती खाच सासऱ्यानं, धुळाप्पानं, दाखवली होती तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती. हा बिरोबा होता. म्हणजे हा तोच माळ.

सोलापूरला जायचंय एवढंच तिला ठाऊक होतं. पाटी इंग्रजीतली, कुणी वाचून दाखवली नाही, आणि विचारणं तिच्या इभ्रतीत बसलं नाही. सगळा माळ सपाट केला होता, जमिनीला इस्त्री केल्यासारखा. बाभळी गेल्या होत्या. खडक दिसत नव्हता. ओढा तर कुठं असायचा हेच कळत नव्हतं. फरशीचे रस्ते, हिरवळ, काचेच्या इमारती. चढ नाही, उतार नाही. पण देव होता. आणि देव असला की धनगराला रान कळतं.

तिनं खाली उतरून भंडारा उधळला. हात जोडले, पण ओठ पुटपुटत होते ते धुळाप्पाचं वाक्य: बिरोबाच्या तोंडासमोर ओढा, बिरोबाच्या पाठीशी खडक.

पंचेचाळीस वर्षांमागं असंच भादव्याचं ऊन होतं. मेंढरं चारणीला आणलेली. ओढा कोरडा ठक्क होता आणि त्याच्या वाळूत गार वाटतं म्हणून म्हाळसाबाईनंच कळप तिथं दुपारी बसवायचा ठरवला. मेंढरं बसेनात. उभीच राहिली, माना वर करून. धुळाप्पा म्हणाला, "पोरी, मेंढरू बसत न्हाय तितं मानसानं बसू ने." पण ती तेव्हाही हट्टाचीच. पाऊस पडला होता वर डोंगरात, इथं एक थेंब नाही. लख्ख उन्हात ओढा आला. म्हाळसाबाई कळप घेऊन खडकावर चढली आणि मागं राहिलेल्यांसाठी हाक देत राहिली, कळपाला बोलवायची ती लांब हाक. नणंद बजा, सोळा वर्षांची, एका कोकरासाठी बाभळीत मागं फिरली होती. पाणी बघून म्हाळसाबाईचा घसा सुकला आणि हाक तुटली. बाभळबनात बजाला खडक कोणत्या अंगाला ते कळलंच नाही. मेंढरं सांजेला जोडीजोडीनं मोजली, तर सत्तर गेली होती. बजा दोन दिवसांनी सापडली.

हे तिनं घरात कुणाला कधी सांगितलं नव्हतं. बजा पुरात गेली, एवढंच सगळ्यांना माहीत होतं. हाक तुटली हे फक्त तिला.

"आज्जी, चल की. कारेक्रम सुरू झाला," सृष्टी म्हणाली.

कार्यक्रम मोठ्या मांडवात होता. गळ्यात दोऱ्या घातलेल्या पोरी सगळ्यांना समोसा आणि पाण्याची बाटली देत होत्या. एक साहेब तासभर बोलला. म्हणाला, तुमची मुलं आता आमची मुलं. म्हाळसाबाई शेजारच्या बाईला म्हणाली, "व्हय, पोसून मोठी झाल्यावर सगळ्यांचीच असत्यात." पण तिचं लक्ष समोस्यावर नव्हतं आणि साहेबावरही नव्हतं. ती दिशा लावत होती. सूर्य कुठं, देव कुठं, देवाचं तोंड कुठं.

मुलींची वसतिगृहं दोन. एक मोगरा, एक शेवंती. सृष्टीचं नाव मोगऱ्यात लागलं होतं, दुसऱ्या मजल्यावर, खिडकीची खोली. सृष्टी हरखून गेली होती. सिद्धरामनं पेटी उचलली. म्हाळसाबाई दारातच थांबली, मागं वळून तिनं कमानीकडं पाहिलं, मग काठी जमिनीवर आपटली.

"पेटी खाली ठेव. पोरगी हितं ऱ्हानार न्हाय."

"आये, आता काय झालं?"

"ही इमारत बिरोबाच्या तोंडासमोर हाय. खाली ओढा हाय."

रेक्टर बाई टेबलाशी बसल्या होत्या. चाळिशीच्या, गळ्यात ओळखपत्र, पुढं रजिस्टर, आणि समोर तीसेक आईबापांची रांग. त्यांनी चष्मा वर केला. "आजी, इथं ओढाबिढा नाही. इंजिनीअर लोकांनी बांधलंय सगळं. आणि खोल्या कॉम्प्युटरनं दिल्यात, बदलता येत नाहीत."

"कांपुटरला सांगा, म्हाळसाबाई आलीया."

रांगेत हशा पिकला.

"आजी, हे बघा..."

"मी काय बघू? तुमी बघा. तुमचं इंजिनेर जन्माला यायच्या आधी मी हितं मेंढरं चारलीत. ह्या इमारतीखालच्या ओढ्यानं माझी सोळा वरसाची नणंद नेली. आता नात देऊ व्हय? तुमची लेक ठेवा हितं, मग मी माझी ठिवते."

हसणारे गप्प झाले. एका बाईनं आपल्या पोरीचा हात धरला. रांगेतून एक माणूस पुढं आला, पांढऱ्या टोपीतला, करमाळ्याचा, नाव सयाजी. त्याच्या मागं त्याची लेक पिंकी, डोळ्यांत झोप. रात्रभर घरी गोंधळ-पूजा आणि पहाटेची एसटी.

"मावशी, खरं सांगता?"

"खोटं बोलायला मला काय पगार मिळतुय?"

"मग मॅडम, माझ्या पोरीची खोली पण बदला," सयाजी म्हणाला.

दहा मिनिटं वादावादी झाली. मग रेक्टर बाई थकल्या. "शेवंतीत तळमजल्यावर दोघींची एक खोली शिल्लक आहे. कुणी घेत नाही, थोडी ओल येते. चालेल?"

"शेवंती कुठल्या अंगाला?"

"तिकडं, गेटच्या पलीकडं. तुमच्या देवाच्या मागं."

म्हाळसाबाईच्या तोंडावर हसू आलं, बाजार जिंकल्यासारखं. "देवाच्या पाठीशी. मग ओल असूंदे. ओल भिंतीची असती, पुराची न्हाय."

रांगेतल्या दोघाचौघांनी खरंच टाळ्या वाजवल्या. सृष्टी मात्र कानापर्यंत लाल झाली होती. शेवंतीच्या पायरीवर आल्यावर म्हणाली, "मला खिडकीची खोली मिळाली हुती. पहिल्याच दिवशी सगळ्या पोरी मला बगून हसल्या. तुजं नेमी असंच. तुला समदं कळतं."

"कळतंच मुळी."

खोली लहान होती. दोन खाटा, दोन कपाटं, लागूनच न्हाणी. पिंकीनं पिशवी टाकली, कानात ती वायरीची बोंडं घातली आणि वीतभर जागेत कलंडून झोपून गेली. सयाजी म्हणाला, "मावशी, तुमची नात असली की मला घोर न्हाय," आणि एसटी गाठायला निघून गेला.

म्हाळसाबाईनं भिंतीला तळवा लावला. गार. नुसती गार नव्हे, आतून गार, रांजणाच्या पोटासारखी. कोपऱ्यात मुंग्यांची रांग भिंतीवरून वर चालली होती, तोंडात पांढरी अंडी. न्हाणीच्या जाळीतून शेवाळाचा वास येत होता. एरवी या तीन गोष्टींतली एक दिसली असती तरी तिनं कळप उठवला असता. पण तिनं तीस माणसांसमोर शब्द टाकला होता, आणि देव पाठीशी होता. तिनं भंडाऱ्याची पुडी दाराच्या कडीला बांधली. जाता जाता सवयीनं बोळातल्या पोरी मोजल्या. दारांतून डोकावणाऱ्या, दोरीवर टॉवेल टाकणाऱ्या. सृष्टी आणि पिंकी धरून बारा. सहा जोड्या.

"बिरोबा राखंल," ती म्हणाली.

सृष्टीनं पाया पडून घेतलं, पण वर बघितलं नाही.

साडेतीन वाजले असतील. सिद्धरामनं गाडी कमानीपाशी आणली. म्हाळसाबाई म्हणाली, "थांब, देवाला सांगून येते." ओट्यापाशी एक बाई पाला झाडत होती. अंबुबाई तिचं नाव, विद्यापीठातच झाडलोटीला. नऊवारी, कपाळावर गोंदण. बोलण्यावरून तीही धनगराचीच निघाली. दोघी ओट्याच्या सावलीला टेकल्या. म्हाळसाबाईनं चंची काढली.

"बरं राखलाय देव," म्हाळसाबाई म्हणाली. "मला वाटलं हुतं, ह्या लोकांनी फेकून दिला आसंल."

"फेकत हुते की! आमच्या लोकांनी आडवं पडून राखला. मग म्हनाले, वाटंत येतुय, बागंत बसवू. किरेन आनली हुती. वाजतगाजत आनला बरं का, जेवान घातलं पाचशे मानसाला."

म्हाळसाबाईच्या हातातलं पान अर्धं तोंडाशी राहिलं.

"आनला? कुटनं आनला?"

"त्यो पल्याडनं. ती पान्याची टाकी दिसती न्हवं, तितनं. लिंब हुता बगा एक, त्याच्या बुडाला. ओढ्यापल्याड."

"देव जागा सोडत न्हाय," म्हाळसाबाई म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"त्यो न्हाय सोडत. मानसं उचलत्यात."

"तोंड उगवतीकडंच ठिवलं?"

"व्हय की, तोंड न्हाय बदललं. ते कसं बदलायचं?"

म्हाळसाबाई उठली. कठडा धरून तिनं देवाच्या पाठीकडं पाहिलं. दूर पाण्याची टाकी. टाकी आणि देव यांच्या मधोमध, हिरवळीच्या पलीकडं, पिवळ्या रंगाची शेवंती. देव ओढ्याच्या मावळतीला होता, तो उचलून उगवतीला आणला होता. तोंड तिकडंच ठेवलं होतं. म्हणजे आता देवाच्या तोंडासमोर ओढा नव्हताच. मोगरा कोरड्यावर. आणि देवाच्या पाठीशी...

"अंबुबाय, ओढा कुटं गेला गं?"

"ओढा? त्यो पायपात घातला. वर भराव टाकला. शेवंतीच्या बुडखालनंच जातुय की. म्हनून तर खालच्या खोल्या कोन घेत न्हाय."

ऊन लख्ख होतं. हिरवळीवर पोरं क्रिकेट खेळत होती. म्हाळसाबाईनं वरच्या अंगाला, डोंगराकडं, मान वळवली. तिथं आभाळ तव्याच्या बुडासारखं झालं होतं. लांबून, पोटातनं आल्यासारखा एक गडगडाट आला. पोरं खेळतच राहिली.

ती पळाली नाही. सत्तर वर्षांच्या गुडघ्यांना ते येत नाही. पण सिद्धरामला तिच्याबरोबर चालताना धाप लागली.

"आये, झालं तरी काय?"

"खोली बदलायची."

"परत?" सिद्धराम जागीच थांबला. "आये, बास आता. पोरीचं तोंड बगितलंस का सकाळी? लोकं काय म्हनतील?"

"लोकांच्या आयला... चल तू."

रेक्टर बाई कागद आवरत होत्या. आजूबाजूला सकाळचेच काही आईबाप घुटमळत होते. म्हाळसाबाई टेबलासमोर उभी राहिली. काठी दोन्ही हातांत. आयुष्यात कुणासमोर न बोललेला शब्द तिला घशातून ओढून काढावा लागला, काटा काढावा तसा.

"बाई, माझं चुकलं."

"काय चुकलं आजी?"

"ओढा मोगऱ्याखाली न्हाय. शेवंतीखाली हाय. देव हलवलाय तुमी. मला ठाव नव्हतं. माझ्या पोरीला आन् त्या पिंकीला मागारी मोगऱ्यात घ्या. समद्याच खालच्या पोरी वर घ्या."

मग मागून एक गृहस्थ हसले. "आजी, ओढा दुपारनंतर इकडून तिकडं गेला काय?"

रेक्टर बाई हसल्या नाहीत, तेवढ्या त्या भल्या होत्या. पण त्यांनी रजिस्टर मिटलं. "आजी, ती खिडकीची खोली दुपारीच दुसऱ्या मुलीला दिली. तुमच्या शब्दावर मी दोन खोल्या बदलल्या. आता तुमच्याच शब्दावर परत बदलू? उद्या अर्ज द्या, बघू. पालकांची वेळ चारपर्यंत आहे."

सकाळी तिच्या बोलण्यानं तीस माणसं गप्प झाली होती. आता तेच बोलणं फुटक्या घागरीतल्या पाण्यासारखं तिथंच सांडलं. तिनं सगळं वजन सकाळीच वापरून टाकलं होतं, उलट्या पारड्यात.

ती शेवंतीकडं निघाली. दारावरची शिपाईबाई म्हणाली, "आजी, वेळ संपली." म्हाळसाबाईनं काठीनं तिला बाजूला सारलं, मेंढीला सारावं तसं, न मारता. सिद्धराम बाहेरच राहिला, हात जोडून माफी मागत.

सृष्टी कपाट लावत होती. आज्जीला बघून तिचे खांदे पडले.

"आता काय इसरलं?"

"सृष्टे, ऊठ. पेटी ऱ्हाऊदे. भाइर चल."

"का?"

"माझं चुकलं बाय. मी उलटं मोजलं. ओढा हितं हाय, ह्या फरशीखाली."

सृष्टीनं तिच्याकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत राग होता, त्याच्याखाली रडू. "आज्जी, तुला मला न्यायचंच असंल घरी तर सरळ सांग. सकाळी तितं ओढा, आता हितं ओढा. उद्या म्हनशील समद्या सोलापुरात ओढा. मी न्हाय यायची."

"घरी नगं येऊ. नुसती जिना चढ. माजी आन हाय."

"तुजी आन मला नेमीच असती."

पलीकडच्या खाटेवर पिंकी भिंतीकडं तोंड करून झोपली होती. कानातल्या बोंडांतून बारीक गाण्याचा आवाज गळत होता. खिडकीतून ऊन तिच्या पायांवर पडलं होतं.

म्हाळसाबाईनं जमिनीकडं कान दिला. फरशीखालची घरघर ऐकू यायला लागली होती. मुंग्या आता भिंतीवर नव्हत्या. सगळ्या वर गेल्या होत्या. न्हाणीतून एक आवाज आला, म्हाताऱ्यानं चूळ भरल्यासारखा. मग पुन्हा.

सृष्टीनं न्हाणीचं दार ढकललं. "नळ तर बंद हाय," ती म्हणाली. जाळीच्या भोकांतून तांबडं पाणी बोटभर वर आलं, खाली बसलं, आणि पुन्हा वर आलं. त्यात बाभळीचा एक वाळका काटा फिरत होता. या माळावर आता बाभूळ नव्हती. काटा वरून, डोंगराकडून आला होता.

सृष्टी वळली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. ती मोजायला शिकायला आलेली पोर. तिनं एकदाच बघितलं आणि हिशेब केला. "आज्जी..." एवढंच म्हणाली.

म्हाळसाबाई बोळात आली. दारं बंद. आत गाणी, हसणं, फोनवर बोलणं. एकेक दार वाजवत बसायला वेळ नव्हता, आणि म्हातारीनं दार वाजवलं तर सकाळचं सगळं आठवून पोरी आणखी हसल्या असत्या. तिनं छाती भरून घेतली आणि हाक दिली.

"हुर्र्र्र्या... हा! हुर्र्र्र्या... हा!"

पंचेचाळीस वर्षांत ती हाक इतक्या जोरात निघाली नव्हती. बोळाच्या भिंतींवर आपटून ती दुप्पट झाली. दारं उघडली. "अय्या, ती सकाळची आजी!" कुणीतरी खिदळलं. मोबाइल वर झाले. म्हाळसाबाई जिन्याकडं निघाली, मागं न बघता, हाक देत, काठी पायरीवर ठोकत. आणि पोरी मागं आल्या. भ्यायल्या म्हणून नव्हे, मजा वाटली म्हणून. मोबाइलवर टिपायचं म्हणून. ओढून नेलेलं मेंढरू येत नाही, पुढं चालणाऱ्याच्या मागं येतं, हे तिला माहीत होतं. एकीनं तिचीच हाक काढून दाखवली आणि सगळ्या हसल्या. खालून शिपाईबाई ओरडत होती, "काय तमाशा आहे हा!"

मग शिपाईबाईचं ओरडणं बदललं.

बोळाच्या दुसऱ्या टोकाकडून पाणी आलं. लाट नव्हती, फेस नव्हता. फरशीवर कुणी चहा सांडावा तसं आलं, तांबडं, सावकाश, आणि मग सावकाश राहिलं नाही. कुणाच्या तरी चपला तरंगत जिन्यापर्यंत आल्या. खिडकीबाहेर ऊन तसंच होतं. हसणाऱ्या पोरींचं हसू तोंडावरच विरत गेलं. शिपाईबाई लुगडं सावरत वर धावली.

म्हाळसाबाई जिन्याच्या वळणावर उभी राहिली आणि मोजलं. मेंढरं जोडीनंच मोजायची असतात, एकेक मोजलं की चुकतं. एक जोडी, दोन, तीन, चार, पाच. आणि सहाव्या जोडीत एकटी सृष्टी.

सृष्टीनंही त्याच वेळी मोजलं होतं.

"पिंकी!" ती म्हणाली. "आज्जी, तिच्या कानात..."

"सृष्टे, न्हाय! थांब!"

म्हाळसाबाईनं पुढं केलेल्या काठीचा आकडा तिच्या ओढणीत अडकला. ओढणी काठीला राहिली आणि पोर खाली गेली. दोन पायऱ्या कोरड्या, तिसरी ओली, चौथी दिसत नव्हती. बोळातला दिवा फटकन गेला. खाली कुठंतरी एक दार पाण्यानं लोटून धाडकन आपटलं.

"बजे..." म्हाळसाबाईच्या तोंडून गेलं, आणि घसा सुकला. तसाच, तेव्हासारखा. पोरी तिच्याकडं बघत होत्या, दहा पोरी, एकीचाही मोबाइल आता वर नव्हता.

तिनं ओढणीचा बोळा करून मुठीत धरला. मग तोंड उघडलं.

"हुर्र्र्र्या... हा!"

आवाज चिरका निघाला. दुसऱ्यांदा बरा निघाला. "हुर्र्र्र्या... हा! हिकडं, बाय, हिकडं! हुर्र्र्र्या... हा!" मघाशी तिची नक्कल केलेली पोर तिच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि तिनंही हाक दिली, नक्कल न करता. मग दुसरीनं. मग सगळ्यांनी. जिना हाकेनं भरून गेला.

तिसरी पायरी गेली. दुसरी भिजली.

खालच्या अंधारात छप छप झालं. कुणीतरी चालत होतं, पाण्याला रेटत, जिन्याच्या दिशेनं. म्हाळसाबाईनं कान लावला. आयुष्यभर तिनं डोळे मिटून, नुसत्या खुरांवरून कळप मोजला होता. पण हे पाय दोन आहेत का चार, ते पाण्यातून तिला कळेना.

ती हाक देत राहिली.